जुने यंत्र, नवे बेअरिंग
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



तरुणांस उपयोगी पडेल असे काही सांगावे, अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही पडलो शाळामास्तर. परंतु मुलांस लाकूड-लोखंडाचे काम शिकविण्यात आमची बरीच वर्षे गेली. म्हणून मोठ्या विषयास हात न घालता, टेबलावरील स्वस्त ड्रिल मशीनची झिजलेली बेअरिंगे कशी बदलावीत, एवढेच सांगण्याचे योजिले आहे.

आपल्यातील कित्येक तरुणांचा संसार घरामागील एका खोलीतल्या कारखान्यावर चालतो. तेथील ड्रिल मशीन काही वर्षांनी खडखडू लागते, भोक फाकते, बारीक ड्रिल मोडतात आणि गिऱ्हाईक माल परत करते. मग यंत्र भंगारात जाते व नव्यासाठी कर्ज निघते. वास्तविक बिडाचा सांगाडा बहुधा शाबूत असतो. झिजलेले असते ते अल्प मोलाचे बेअरिंग.

मात्र वैद्याप्रमाणे आधी निदान करावे. विजेची जोडणी काढावी, पट्टा सैल करावा आणि चक हाताने फिरवावा. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंगावर संशय घ्यावा. नंतर चक धरून आडवा हलवून पाहावा. स्पिंडल ज्या नळीत फिरतो तिला क्विल म्हणतात. क्विल स्थिर राहून आतला स्पिंडलच हलला, तर दोष बेअरिंगाचा. परंतु क्विलच बिडाच्या भोकात डुलत असेल, तर नवी बेअरिंगे घालून तो दोष जाणार नाही. वरच्या पुलीची बेअरिंगे निराळी असतात; पट्टा काढून पुली फिरविली म्हणजे त्यांचीही परीक्षा होते.

उघडताना सर्वांत जपावयाचे ते बाजूच्या डबीतील गुंडाळलेल्या स्प्रिंगला. ती एकदम सोडल्यास हात फाडील. हातमोजा घालून, डबी घट्ट धरून तिचा ताण हळूहळू उतरवावा. क्विलला एका हाताचा आधार देऊन मगच दांड्याचा दंतचक्राचा आस काढावा, नाहीतर क्विल खाली पडेल. पुढे वरची सर्क्लिप किंवा नट काढून, स्पिंडलच्या माथ्यावर लाकूड ठेवून हलके ठोकले की तो खालच्या बेअरिंगासह बहुधा खाली उतरतो. अडलेले बेअरिंग पुलरने ओढावे.

नवे बेअरिंग घेताना जुन्या कड्यावरील क्रमांक उतरून न्यावा. ६२०१ चे भोक १२, ६२०२ चे १५ आणि ६२०३ चे १७ मिलिमीटर असते. ६२०४ पासून शेवटच्या दोन अंकांस पाचाने गुणिले की भोक मिळते. पुढील ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याचे झाकण, ‘टू-आरएस’ म्हणजे रबराचे.

आता मुख्य नियम. जे कडे घट्ट बसवावयाचे, त्याच कड्यावर जोर द्यावा. स्पिंडलवर चढविताना आतल्या कड्यावर, क्विलमध्ये बसविताना बाहेरच्या कड्यावर बेताची नळी टेकवून दाबावे. चुकीच्या कड्यावरील घाव छर्ऱ्यांतून जातो, धावेवर बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. ज्योत तर कधीच लावू नये. रबरी झाकणाचे बेअरिंग ८० अंश सेल्सियसच्या वर तापवू नये. दोन्ही जागा पुसून स्वच्छ कराव्या. धुळीचा एक कणही बेअरिंग तिरपे बसवितो.

जोडणी झाल्यावर डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवावा. स्पिंडल सरळ फिरूनही ड्रिल डुलत असेल, तर चक तपासावा.

बंधूंनो, घणाचा घाव घालणे सोपे. घाव कोठे घालू नये हे ओळखणे, तीच कारागिरी. ती हाती असेल तर जुन्या यंत्रावरही सचोटीचा माल निघेल आणि कर्जाचा एक हप्ता तरी वाचेल.