माथेरानची सावकाशी



उन्हाळा लागला की आपल्याकडे हिमालयाची आठवण निघते. कोणी मसुरीला निघतो, कोणी दार्जिलिंगला. आणि परतलेल्या मंडळींना विचारावे, तर चार दिवसांत सात ठिकाणे 'केल्याचा' हिशेब ऐकायला मिळतो. आम्ही आज एवढ्या दूर जाणार नाही. दादरला गाडी बदलून नेरळला उतरावे, एवढ्या अंतरावरच्या एका डोंगराविषयी बोलणार आहोत. माथेरान.

हे ठिकाण १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी साहेबलोकांच्या नजरेला आणले. ते त्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर चढले. आपले डहाणूही २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, तेव्हा हे कलेक्टर एका अर्थी आपलेच. अर्थात त्याआधीही ठाकर, कातकरी आणि धनगर त्या डोंगरात वावरत होतेच. पण 'शोध' लागतो तो साहेबाला!

नेरळहून वर जाणारी लहान गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, म्हणजे दार्जिलिंगच्या १८८१ च्या गाडीइतकेच. सुमारे एकवीस किलोमीटरला ती दोन तासांहून अधिक घेते. एखादे वळण असे येते की, आपल्याच गाडीचे इंजिन आपल्याला खिडकीतून समोर दिसते. पावसाळ्यात नेरळकडचा मार्ग बंदच असतो. २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले. दुसऱ्या खेपेनंतर नेरळहून गाडी सुटायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. डोंगराने असा रागरंग दाखवला की माणसाने थांबायचे, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे.

मोटारीने गेलात, तरी दस्तुरी नाक्यावर उतरावेच लागते. पुढे लाल माती, जांभळीची दाट सावली, आणि आपले पाय. २००३ साली सरकारने हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. आपल्या डहाणू तालुक्याला तसे संरक्षण १९९१ सालीच मिळाले होते. त्यामुळे असे संरक्षण म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे समजावून सांगायला नको.

परंतु या सावकाशीची दुसरी बाजू प्रवासवर्णनांत फारशी येत नाही. ज्याला चालवत नाही, त्याने काय करायचे? पूर्वी घोडा, नाहीतर हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढायचा, एकदोघे मागून ढकलायचे. आमच्या मातुःश्रींना गुडघ्यांचा त्रास. काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांना अशाच रिक्षात बसवले आणि स्वतः बाजूने, पक्ष्यांचे आवाज ऐकत, मोठ्या आनंदात चालू लागलो. चढ लागला, तसा ओढणाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागला. मग मात्र आम्हांला पक्षी ऐकू येईनात.

हुतात्मा भाई कोतवाल याच माथेरानचे. १९१२ साली गरीब नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले, तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांनी देह ठेवला. हवा खायला येणाऱ्यांची सेवा करणाऱ्या वस्तीतून ते वर आले. माथेरान म्हटले की पॉइंटांची नावे घडाघडा म्हणणाऱ्यांना हे नाव मात्र आठवत नाही, हे आम्हांला खटकते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत अमानुष ठरवली, आणि ती सहा महिन्यांत थांबवून त्या जागी विजेवरच्या रिक्षा आणाव्यात, असे सांगितले. ओढणाऱ्यांच्या उपजीविकेची सोय करण्यासही बजावले. यावर कित्येक निसर्गप्रेमी मंडळी कुरकुरतात, की आज ई-रिक्षा आली, उद्या मोटार येईल. ही भीती अगदीच पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मोटारीला दस्तुरीवर अडवलेच पाहिजे, आणि ई-रिक्षांची संख्याही बेताचीच हवी. पण आपल्याला शांतता मिळावी म्हणून दुसऱ्याने ऊर फुटेतो ओढावे, हे आम्हांला मान्य नाही. ज्याचे पाय धड आहेत त्याने चालावे. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, आजाऱ्यांनी विजेच्या गाडीत बसावे.

त्या दिवशी मातुःश्रींनीच रिक्षा थांबवायला लावली. "अरे, उतरव मला," म्हणाल्या, "त्याच्या जिवाला मी किती जड होत असेन!" त्या उतरल्या आणि आमच्या खांद्याचा आधार घेत चालू लागल्या. पाऊण तासाच्या वाटेला आम्हांला दोन तास लागले. दर शंभर पावलांवर बसायचे, पाणी प्यायचे, जांभळीवरची माकडे पाहायची. भाडे तर पुरते ठरलेले, तेव्हा ते दोघे रिकामी रिक्षा घेऊन आमच्याच बरोबर येत राहिले. वाटेत एकाने आपल्या गावची, पावसाळ्यातल्या भातलावणीची हकीकत सांगितली. बाजारपेठ दिसू लागली, तेव्हा मातुःश्रींनी पिशवीतले डहाणूचे चिकू काढले आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच कठड्यावर बसून ते खाल्ले.