सड्यावरची सोबत

डोंगर म्हटला कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचे कडे उभे राहतात. रत्नागिरीच्या आसपास मात्र उंचावर जावयाचें म्हणजे सड्यावर जावयाचें. एकदां घाटी चढून गेलें कीं वर दूरवर पसरलेला सपाट जांभा, एकीकडे समुद्र आणि खालीं खाडी. आठ-दहा वर्षें घर राखून ज्याचे मागील पाय आतां जड झाले आहेत, अशा कुत्र्यास सहलीस न्यावयाचें तर ही जागा फार सोईची. कारण चढ मोटारीनें उरकतो व चालणें सपाटीवर होतें. मार्लेश्वराची वाट देखणी खरी, पण तेथें पुष्कळ पायऱ्या आहेत. म्हातारा कुत्रा त्या धन्यामागून चढेलहि. उतरतांना सारा भार पुढच्या पायांवर येतो आणि दुसरे दिवशीं त्यास उठवत नाहीं. मुकें जनावर 'पुरे' म्हणत नाहीं, हीच यांतली खरी अडचण.

जांभा उन्हानें लौकर तापतो. धन्याच्या पायांत वहाण असते, कुत्र्याचे तळवे उघडे. शिवाय कुत्र्यास तळव्यांखेरीज घाम जवळजवळ येतच नाहीं. धापा टाकूनच तो अंग निववितो, आणि कोंकणच्या दमट हवेंत तो उपायहि अपुरा पडतो. हाताची पालथी बाजू कातळावर टेकवावी. सात-आठ अंक मोजेपर्यंत सोसवली नाहीं, तर तेथूनच मागें फिरावें. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यांतल्या त्यांत बरे. मात्र पहांटेच्या अंधारांत निघूं नये. कुत्रा हें बिबट्याचें आवडतें भक्ष्य आहे, आणि मागें रेंगाळणारा त्यास आयताच सांपडतो.

त्याहून जवळचें भय फुरशाचें. वीत-दोन वितींचा हा विषारी साप सुट्या दगडांखालीं दडून असतो. डिवचला गेला म्हणजे खवल्यावर खवले घासून करकर आवाज करतो. पण कानांनीं मंदावलेल्या कुत्र्यास ती सूचना ऐकूं येत नाहीं व तो तेथेंच नाक खुपसतो. म्हणून दोरी आंखूड धरावी व गवत टाळून उघड्या कातळावरून न्यावें. दंश झालाच तर त्यास न चालवितां उचलून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. या विषानें रक्त गोठेनासें होतें. त्यावर प्रतिविष आहे. झाडपाल्यांत वेळ दवडूं नये.

रत्नदुर्गास तीन बाजूंनीं समुद्र असल्यानें वारा चांगला मिळतो, आणि मोटार बरीच वरपर्यंत जाते. उक्षीच्या सड्यावर कातळांत कोरलेला भला मोठा हत्ती आहे. कोंकणांतील अशीं कातळशिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत आलीं. तें शिल्प कडेनें निरखीत धनी उभा राहिला, म्हणजे म्हाताऱ्यास आपोआप विसांवा मिळतो. त्या वेळीं घरून आणलेलें पाणी पाजावें. डबक्यांतलें पिऊं देऊं नये.

दुसरे दिवशीं सकाळीं तो कसा उठतो तें पाहावें. मागचे पाय ताठले असतील, तर पुढील खेपेस अंतर निम्म्यावर आणावें.