बोटांच्या जागी लाकडाचा तुकडा



बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान पहिल्या ओळीचे. नांगर, पाभर, गाडीचे चाक, घराचे आढे, देवघराची चौकट, असा गावाचा सारा संसार त्याच्या हातांनी उभा केला. काळ बदलला तशी वाकस आणि हातकरवतीच्या शेजारी विजेची गोल करवत आली, आणि दिवसाचे काम तासावर आले. परंतु या दोन करवतींत एक मूलभूत भेद आहे. हातकरवत हाताबरोबर थांबते. विजेची करवत हातासाठी थांबत नाही.

२५ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होतो. पात्याला ४० दात असतील, तर एका सेकंदात २,००० दात एकाच जागेवरून जातात. धोका दिसल्यावर हात मागे घेण्यास माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात ४०० दात आपले काम करून गेलेले असतात. म्हणूनच ‘लक्ष देऊन काम करा’ हा उपदेश कितीही योग्य असला, तरी तो पुरेसा नाही. हात पात्याजवळ जाणारच नाही, अशी कामाची रचना हवी.

या यंत्रापासून दोन प्रकारचे धोके संभवतात. हाताला पाते लागणे हा पहिला. दुसरा धोका लाकूड उसळण्याचा. पात्याचे मागच्या बाजूचे दात मेजातून वर येत असतात. चिरलेले लाकूड मिटून त्या दातांना घट्ट बसले, किंवा वाकडे होऊन त्यांत अडकले, तर दात त्याला उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. त्या झटक्यात लाकडावरचा हातही पात्याकडे ओढला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे पात्याच्या मागे, त्याच्याच रेषेत उभी असलेली पोलादी पट्टी. ती चीर मिटू देत नाही. धोकादायक यंत्रभागांना संरक्षक आवरण हवे, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिले. आणि महाराष्ट्रातील १९६३ च्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांचा स्वतंत्र विचार करण्यात आला. मात्र दोन-तीन माणसांच्या लहान कामठ्यापर्यंत अशा नियमांची देखरेख बहुधा पोहोचत नाही. तेथे कारागिरानेच आपला निरीक्षक व्हावयाचे असते.

सुदैवाने, हाताच्या रक्षणाची पुष्कळशी साधने कामठ्यातील उरल्यासुरल्या फळ्यांतूनच तयार होतात.

पहिले साधन ढकलकाठी. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची काठी कापावी. एका टोकाला लाकडाच्या कडेवर बसेल अशी खाच पाडावी आणि दुसरे टोक मुठीत सुखाने बसेल असे घासून घ्यावे. फळी उभी चिरताना शेवटचे ३० सेंटिमीटर हाताने नव्हे, या काठीने ढकलावेत. काठीला करवत लागली तर दुसरी काठी दहा मिनिटांत होते. ती यंत्राशेजारी खिळ्याला टांगलेली असावी. शोधावी लागणारी काठी घाईच्या वेळी वापरली जात नाही.

दुसरे साधन दाबफळी. साध्या लाकडाच्या फळीचे टोक तिरके कापून, त्यात रेषांच्या दिशेने जवळजवळ समांतर चिरा पाडल्या, की कंगव्यासारखे लवचीक दात तयार होतात. ही फळी मेजाला शिकंज्याने आवळली असता लाकूड मार्गदर्शक पट्टीला टेकून राहते आणि मागे सरकू लागल्यास दात त्याला अडवतात. तिची जागा मात्र पात्याच्या अलीकडे असावी. पात्याच्या शेजारी किंवा पलीकडे लावल्यास ती चीरच दाबून बंद करील आणि टाळावयाचा धोका ओढवून घेईल.

तिसरे साधन आडव्या कापासाठीचा सरकपाट. प्लायवूडच्या पाटाखाली मेजाच्या खोबणीत बसणाऱ्या दोन कठीण लाकडी पट्ट्या लावाव्यात आणि वर, पुढे व मागे, एकेक भक्कम आडपट्टी बसवावी. काप काटकोनात येतो की नाही हे पाहण्यासाठी गुण्याबरोबरच आणखी एक युक्ती आहे. सरळ कडांच्या फळीचे दोन तुकडे करावेत, एक उलटा करावा आणि दोहोंच्या कापलेल्या कडा जुळवून त्यांची एक बाजू सरळ पट्टीला टेकवावी. चूक असेल तर ती दुप्पट होऊन फटीतून दिसते. कारागिराकडील आडपट्टीच्या ज्या भागातून पाते बाहेर येते, तेथे जाड ठोकळा चिकटवावा, म्हणजे अंगठा त्या जागी जाणारच नाही.

ही साधने पोलादी पट्टीला किंवा आवरणाला पर्याय नव्हेत. ती त्यांच्या जोडीची आहेत. अनेक ठिकाणी हातात धरावयाची विजेची करवत प्लायवूडखाली उलटी आवळून तिचे मेज करण्यात येते. तिचे आवरण तारेने बांधून ठेवलेले असते आणि खटकाही दाबून अडकवलेला असतो. वीज जाते, कारागीर पात्याजवळचे तुकडे वेचू लागतो, आणि वीज परत येताच पाते फिरू लागते. अशा मेजावर कितीही चांगली ढकलकाठी असली तरी ते निर्धोक होत नाही. वीज परत आली तरी मुद्दाम दाबल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही, असाच खटका हवा.

काही सवयी बिनखर्चाच्या आहेत. पाते लाकडाच्या वर जेमतेम दात दिसतील इतकेच ठेवावे. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातील पंचा यांना यंत्राजवळ थारा देऊ नये. डोळ्यांवर चष्मा मात्र असावा. पाते पूर्ण थांबल्याखेरीज तुकडा उचलू नये.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश करण्यात आला आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद झाली. नवे अवजार घरी येणे ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु शिकाऊ मुलाच्या हाती ते देण्यापूर्वी त्याच्याकडून पहिली वस्तू करून घ्यावी ती ढकलकाठी. जी काठी त्याने स्वतः घडवली ती तो वापरील. करवतीने खाल्लेली काठी चुलीत जाते आणि दुसरी होते. बोट दुसरे होत नाही.