हृदयाच्या झडपांचे दुखणे कसे ओळखावे?

श्रोतेहो, मुंबईच्या गिरणगावात काळाचौकी म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते असे समजा. दिवाळीत ती पिशव्या घेऊन एका दमात वर येई. होळीला दुसऱ्या मजल्यावर थांबू लागली. पावसाळ्यात खाली उतरणेच तिने सोडले. घरचे विचारतात, "दम लागतो का ग?" ती म्हणते, "नाही हो, बरी आहे मी." दम लागेल कुठून? जिनाच सुटला! झडपेचे दुखणे माणसाला असे फसवते.

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे फिरू द्यायचे नाही, हे त्यांचे काम. झडप नीट उघडली नाही वा नीट मिटली नाही, की हृदयावर ताण पडतो. आपल्याकडे याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणचा सांधेवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे दुखतात. सांधे बरे होतात, झडप मात्र अधू राहते. गुरुजी, असे मूल खेळात मागे पडले तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांकडे पाठवा. पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, सांगितली तितकी वर्षे घेतले, तर दुखण्याची वाढ पुष्कळ टळते.

दुखणे वाढल्याच्या खुणा ध्यानात ठेवा. एका उशीऐवजी दोन-तीन लागतात. रात्री धाप लागून उठून बसावे लागते. घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहतो. दोन-तीन दिवसांत वजन किलो-दोन किलोंनी वाढते. छातीत वेडीवाकडी धडधड होते. ताप रेंगाळतो. यांतली एकही नवी खूण दिसली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. दिवस गेले असतील तर झडपेचे दुखणे डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणी हृदयाचे काम वाढते.

बसल्या जागी धाप, काम करताना भोवळ येऊन पडणे, छातीत कळ, गुलाबी फेसाळ थुंकी, तोंड वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे, असे झाले तर तत्काळ १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

काळाचौकीजवळच, परळला, १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. तिथेच १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. आज अरुंद झडप फुग्याने रुंद करता येते, दुरुस्त करता येते, बदलताही येते. पण हृदय फार थकण्याआधी माणूस तिथवर पोचला पाहिजे.

म्हणून घरच्यांनो, "बरं आहे ना?" एवढेच विचारू नका. "गेल्या महिन्यात जमत होते, ते आता काय जमत नाही?" असे विचारा. जिना असो, विहीर असो वा शेताचा बांध. खरे उत्तर तिथे मिळेल.