लंगोटाआडचे दुखणे



लहान मुलांच्या दुखण्यांविषयी आपल्या घरांतून पुष्कळ बोलले जाते. सर्दी, खोकला, पोटदुखी, दात येण्याचे दिवस, या सर्वांवर आजीबाईच्या बटव्यापासून दवाखान्यापर्यंत जागोजाग उपाय सांगितले जातात. एक दुखणे मात्र असे आहे की, ते बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा येऊन जाते आणि तरीही त्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही. मुलाच्या ढुंगणावर, जांघेत आणि लघवीच्या जागेभोवती कातडी लाल होते, सोलवटते, कधी चिघळते. तान्हे मूल शू करताना कळवळते, रात्रभर किरकिरते. थोड्या मोठ्या मुलाला खाज सुटते, आणि त्याने तिथे हात नेला की त्यालाच दटावले जाते. जागा अवघड म्हणून बोलणे अवघड, आणि बोलणे अवघड म्हणून दुखणे लांबते. आज याच दुखण्याविषयी मोकळेपणाने चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विशेषतः जे दोन-चार दिवसांत न जाता आठवडेच्या आठवडे रेंगाळते, त्याविषयी.

हे दुखणे मुळात होते कसे, ते आधी पाहू. कातडी हे शरीराचे कुंपण आहे. तिचा सर्वांत वरचा पातळ थर कोरडा आणि किंचित आम्ल असतो, तोवर हे कुंपण शाबूत राहते. ओल्या लंगोटात तासन्‌तास राहिल्याने हा थर फुगतो, मऊ पडतो आणि कपड्याच्या साध्या घर्षणानेही निघू लागतो. १९२१ साली अमेरिकेतील डॉक्टर कुक यांनी असे दाखविले की, शौचातील काही जंतू लघवीचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. तेव्हापासून कित्येक दशके सारा दोष अमोनियाच्या माथी मारला गेला. १९८० नंतरच्या दशकातील संशोधनाने मात्र निराळे चित्र पुढे आणले. एकटा अमोनिया निरोगी कातडीला फारसे भाजीत नाही. तो तिची आम्लता नाहीशी करतो, आणि मग शौचात असलेले पाचकरस जोर धरतात. जे रस पोटात अन्न पचवितात, तेच बाहेर मुलाची कातडी पचवू लागतात, असे म्हटले तरी चालेल. जुलाब झाले की अवघ्या एका दिवसात कातडी लालबुंद का होते, याचे उत्तर येथे मिळते. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाच्या शौचात हा तीव्रपणा कमी असतो, म्हणून त्याला हा त्रासही बहुधा बेताचाच होतो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे उपायाची दिशा आपोआप सापडते. ओल हटवावी, शी आणि शू यांचा सहवास टाळावा, घर्षण थांबवावे आणि कुंपण पुन्हा उभे राहीपर्यंत त्याला दुसरे तात्पुरते कुंपण द्यावे. यापेक्षा अधिक काही करण्याची गरज शंभरातील बहुसंख्य मुलांना नसते. परंतु आपण नेमके अधिक करतो. कातडी लाल दिसली की साबण जास्त लावतो, पाण्यात जंतुनाशक औषध टाकतो, डाळीच्या पिठाने चोळतो, वरून भरपूर पावडर थापतो. शत्रू घाण आहे अशा समजुतीने आपण घासू लागतो, आणि त्या घासण्याने उरलेसुरले कुंपणही निघून जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातला हा प्रकार.

या अतिरेकाचा इतिहास सुखावह नाही. एके काळी बोरिक पावडर ही तान्ह्या मुलाच्या खोलीतील नित्याची वस्तू होती. सोलवटलेल्या कातडीतून बोरिक ॲसिड रक्तात शिरते आणि मुलाला विषबाधा होऊ शकते, हे लक्षात येण्यास फार वेळ लागला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय समीक्षेत जगभरातील अशा विषबाधेच्या १०९ घटना एकत्र केलेल्या होत्या, आणि त्यांत दगावलेली अर्भकेही होती. पुढे १९७२ साली फ्रान्समध्ये एका पावडरीत हेक्झाक्लोरोफेन नावाचे जंतुनाशक चुकून फार मोठ्या प्रमाणात मिसळले गेले, आणि ती पावडर लावलेली ३६ मुले मृत्युमुखी पडली. लंगोटाआडची कातडी ही भिंत नसून चाळण आहे, आणि ती सोलवटली की चाळणीची भोके आणखी मोठी होतात, हा या दोन्ही घटनांचा बोध आहे. साधी टाल्कम पावडरही निर्धोक नव्हे. ती उडून मुलाच्या श्वासात जाते, आणि सांध्यात ओलाव्याने तिचे गोळे होऊन तेच टोचू लागतात.

मग करावे काय? शी झाल्याबरोबर, आणि एरवीही दर दोन-तीन तासांनी, लंगोट बदलावे. नुकत्या जन्मलेल्या बाळाचे त्याहूनही वारंवार बदलावे लागते. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड यांनी जागा स्वच्छ करावी. साबण लावावयाचाच तर सौम्य आणि दिवसातून एकदा. सुगंधी किंवा मद्यार्क असलेले ओले कागदी रुमाल कातडी बरी होईपर्यंत दूर ठेवावेत. धुतल्यावर कातडी पुसू नये, टिपून घ्यावी. मग काही वेळ मुलाला मोकळे ठेवावे. दुपट्यावर पालथे निजवून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे वारा लागू दिला, तर कित्येक मलमांनी होणार नाही ते काम होते. आपल्या जुन्या घरांतून मूल बराच वेळ लंगोटावाचून वावरत असे, ही रीत खरोखर शहाणपणाची होती.

कातडी पूर्ण कोरडी झाली म्हणजे झिंक ऑक्साइड असलेले पांढरे, घट्ट मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली यांचा जाड थर द्यावा. भिंतीला गिलावा देतात तसा तो द्यावा. चोळून जिरवू नये. येथे एक बारीक गोष्ट आहे, आणि बहुतेक घरी तिथेच घोटाळा होतो. पुढच्या वेळी स्वच्छ करताना मळलेला वरचा भाग तेवढा काढावा. तळाशी चिकटून राहिलेले मलम खरवडून काढू नये, कारण त्याबरोबर नवी कातडीही निघते. त्यावरच दुसरा थर द्यावा.

कापडी लंगोट की बाजारातील शोषक डायपर, हा वाद आता घरोघर चालतो. ओल शोषून घेण्यात चांगला डायपर कापडापेक्षा सरस आहे, यात संशय नाही. पण शोषून घेतो म्हणून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवणे, हा त्याचा दुरुपयोग होय. कापडी लंगोट वापरावयाचे असतील तर त्यांत साबण, सोडा किंवा जंतुनाशक यांचा अंश राहू नये म्हणून दोन पाणी अधिक काढावीत. आपले मराठी श्रोते नागपूरच्या उन्हाळ्यात आहेत, कोकणच्या पावसात आहेत, दिल्लीच्या थंडीत आणि कलकत्त्याच्या दमट हवेतही आहेत. पावसाळ्यात लंगोट दोरीवर वाळल्यासारखे वाटतात आणि आत दमट राहतात. त्यांवर इस्त्री फिरवूनच ते वापरावेत. लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घालणे टाळावे. उत्तरेकडे मोहरीच्या तेलाने मालिश करण्याची रीत आहे, आणि तेथे राहणारी आपली मंडळीही ती उचलतात. ते तेल झोंबणारे असते. सोलवटलेल्या जागी ते लावू नये.

ही शुश्रूषा मन लावून केली, तर साधे लाल चट्टे दोन-तीन दिवसांत फिके पडू लागतात. तसे झाले नाही, तर ओलीखेरीज दुसरे काहीतरी कारण आहे असे समजावे, आणि मलमे बदलीत बसण्याऐवजी ते कारण शोधावे. त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. पण आईबापांनी आधी नीट निरीक्षण केले, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

साध्या ओलीच्या चट्ट्यांत फुगीर भाग लाल होतो आणि कातडीच्या घड्यांचा तळ बहुधा वाचतो. याउलट घड्यांच्या आतच गडद लाली असेल आणि मुख्य चट्ट्याच्या कडेला लहान लहान लाल ठिपके विखुरलेले दिसत असतील, तर ती बुरशी असण्याचा संभव फार. जीवाणूनाशक औषधांचा क्रम झाल्यानंतर ती वारंवार दिसते. तिच्यावर बुरशीनाशक मलमच लागते. नुसता पांढरा गिलावा तिला पुरत नाही. गुदद्वाराभोवती आखून काढल्यासारखे लाल वर्तुळ असेल आणि शौचाच्या वेळी मूल रडून आकांत करीत असेल, तर तो स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा प्रताप असू शकतो. त्याला जीवाणूनाशक औषधच हवे. दिवसा बरे असणारे मूल रात्री निजल्यावर तिथे खाजवीत असेल, तर सुतासारख्या बारीक जंतांची शंका घ्यावी, कारण त्यांची मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून आणि अंगणवाड्यांतून जी गोळी देतात, ती या जंतांवरही चालते; परंतु हे जंत घालवावयाचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते, दोन आठवड्यांनी ते पुन्हा घ्यावे लागते, आणि नखे कापणे, हात धुणे, चादरी व चड्ड्या बदलणे याला पर्याय नाही.

कधी कधी कातडीवरचा चट्टा ही आतल्या दुखण्याची खूण असते. गुदद्वाराभोवतीच्या चट्ट्यांबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसेच चट्टे उठले, जुलाब लागले, केस गळू लागले, तर शरीरात जस्ताची उणीव असू शकते. या रोगाच्या एका आनुवंशिक प्रकाराने पूर्वी मुले दगावत. लंडनच्या डॉक्टर मोयनाहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास त्याचा जस्ताशी असलेला संबंध दाखवून दिला, आणि पोटात जस्त देताच तीच मुले टवटवीत होऊ लागली. वरून कितीही मलम लावले असते, तरी हे घडले नसते.

आता ज्याची धोक्याची सूचना दिल्यावाचून राहवत नाही, त्या मलमाविषयी. औषधाच्या दुकानात खाजेवर म्हणून एक मिश्र मलम हाती पडते. त्यात बुरशीनाशक असते, जीवाणूनाशक असते, आणि त्याबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. ते लावताच लाली झपाट्याने ओसरते, म्हणून घरोघर त्याची ख्याती पसरते. पण बंद केले की लाली परत येते, पुन्हा लावावे लागते, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. लंगोटाच्या झाकणाखाली स्टेरॉइड अधिक प्रमाणात शरीरात शिरते. कातडी पातळ होते, तीवर जांभळट गाठी उठू शकतात, आणि दीर्घकाळ वापरले तर मुलाची वाढही खुंटू शकते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केला. डॉक्टर प्रसंगी अगदी सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतात, ते निराळे. शेजारणीच्या मुलाला गुण आला म्हणून तिची नळी आपल्या घरी आणणे, हे मात्र टाळलेच पाहिजे.

लंगोट सुटलेल्या मुलांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लहान मुलींची तेथील कातडी वयात येईपर्यंत फार पातळ असते, आणि साबणाचा फेस, तंग नायलॉनची चड्डी, ओला पोहण्याचा पोशाख यांनी ती लगेच चुरचुरते. सुती, सैल चड्डी वापरावी आणि धुताना हात पुढून मागे न्यावा, हे मुलीला शिकवावे. मुलग्याच्या शिस्नावरची कातडी स्वच्छतेच्या नावाखाली ओढून मागे सारू नये. ती आपोआप, आपल्या वेळी मोकळी होते. ओढल्याने चिरा पडतात.

ताप असेल, पू किंवा फोड दिसत असतील, रक्त येत असेल, लघवी करताना दुखत असेल, मूल महिन्याच्या आतले असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर एक दिवसही वाट पाहू नये. आणि मोठे मूल तेथील दुखण्याविषयी काही सांगत असेल, तर त्याला गप्प करू नये. क्वचित अशा तक्रारीमागे कोणाचे तरी गैरवर्तन असते, आणि दटावलेले मूल ते पुन्हा कधीच सांगत नाही. हात, पाय, नाक, कान यांची नावे आपण मुलांना कौतुकाने शिकवितो. या अवयवांनाही साधी, लाजेवाचूनची नावे द्यावीत, म्हणजे दुखते कुठे, हे त्याला सांगता येईल.

रेंगाळणाऱ्या या दुखण्याला बहुधा आपल्याच घरातील कशाने तरी खतपाणी मिळत असते. कधी ओला लंगोट, कधी जास्तीचा साबण, कधी उसनी आणलेली नळी, कधी नुसते मौन. आधी ते शोधून दूर करावे, मग औषधाचा विचार करावा. लंगोटाआडचे मूल बोलू शकत नाही. त्याच्या वतीने आपण नीट पाहिले आणि वेळेवर विचारले, तर त्याची निम्मी कळ तिथेच कमी होते.