सोऱ्याच्या ओस वसाहती

उत्तर चिलीतल्या इकिके बंदरातून निघालेली गाडी किनाऱ्यालगतचा उभा डोंगर चढते आणि समुद्र मागे पडतो. पुढे आटाकामाचं वाळवंट. गवताची काडी नाही, पाखरू नाही. पंचेचाळीसेक किलोमीटर गेल्यावर पत्र्याची छपरं आणि एक उंच धुराडं दिसू लागतं. या हंबरस्टोन आणि सांता लाउरा, एकमेकींशेजारच्या दोन ओस वसाहती.

दोन्ही १८७२ साली वसल्या. तेव्हा हा मुलूख पेरूचा होता. १८७९ मध्ये पेटलेल्या युद्धानंतर तो चिलीकडे गेला. या उजाड भूमीसाठी देश लढले, कारण तिच्या पोटात ‘कॅलिचे’ होता. हा कठीण, क्षारयुक्त थर सुरुंगाने फोडायचा, भरडायचा, वाफेने तापवलेल्या प्रचंड हौदांत उकळायचा आणि ते पाणी उथळ टाक्यांत निववायचं, की तळाशी सोऱ्याचे स्फटिक धरत. युरोपातली शेतं आणि स्फोटकांचे कारखाने यांना तो हवाच होता. कित्येक वर्षं चिली सरकारच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा सोऱ्यावरच्या निर्यात करातून येई. जेम्स हंबरस्टोन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने उकळण्याची सुधारित पद्धत इथे रुजवली. आधी ‘ला पाल्मा’ म्हटल्या जाणाऱ्या वसाहतीला पुढे त्याचंच नाव मिळालं.

प्रवासी इथे येतात ते बहुधा नाट्यगृह आणि पोहण्याचा तलाव पाहायला. नाट्यगृहातल्या लाकडी खुर्च्या अजून ओळीने उभ्या आहेत. तलाव लोखंडी पत्र्यांचा. ते एका फुटलेल्या जहाजाचे, असं सांगतात. पण श्रोतेहो, ही देखणी बांधकामं भरभराटीच्या काळातली नाहीत. जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याचा कारखाना १९१३ मध्येच सुरू झाला होता, १९२९ च्या महामंदीने उरलीसुरली बाजारपेठ मोडली होती. नव्या कंपनीने १९३४ नंतर हंबरस्टोनचा कायापालट केला, तो हा धंदा उतरणीला लागल्यावर. वैभवाची खूण म्हणून ज्यांचे फोटो काढले जातात, त्या इमारती अखेरच्या पर्वातल्या आहेत.

खरा सुबत्तेचा काळ कामगाराच्या वाट्याला कसा आला, हे पाहायचं तर ‘पुलपेरिया’त जावं. पुलपेरिया म्हणजे कंपनीचं दुकान. मजुरी नाण्यांत नव्हे, कंपनीच्या बिल्ल्यांत मिळे आणि ते बिल्ले याच दुकानात चालत. घाम वाळवंटात गाळायचा आणि त्याचं मोल मालकाच्याच गल्ल्यात परत टाकायचं, अशी ही व्यवस्था होती.

डिसेंबर १९०७ मध्ये या पठारावरचे हजारो कामगार बायकामुलांसह इकिकेत उतरले. त्यांच्या मागण्या वाचल्या की काळीज हलतं: बिल्ल्यांची पूर्ण किंमत मिळावी, रात्रशाळेला जागा मिळावी आणि उकळत्या हौदांवर लोखंडी जाळ्या बसवाव्यात. माणसं त्या हौदांत पडत होती, म्हणून जाळी मागावी लागली! २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत जमलेल्या या लोकांवर लष्कराने मशीनगन चालवल्या. मृतांच्या आकड्यावर अजूनही एकमत नाही.

म्हणूनच हंबरस्टोनहून थोड्याच अंतरावरच्या सांता लाउराला जाणं टाळू नये. अनेक सहली ते वगळतात, हे चूकच. कॅलिचे उकळण्याचं लाकडी सांगाड्याचं अवाढव्य यंत्रघर तिथे आजही उभं आहे. त्याच्याखाली उभं राहिलं, म्हणजे जाळीच्या त्या मागणीचा अर्थ कळतो.

हंबरस्टोन १९६० मध्ये बंद पडली. कोरड्या हवेने लाकूड टिकवलं. पण किनाऱ्याकडून येणारं खारं धुकं पत्रा खातं, भूकंप भिंती हलवतात आणि अनेक वर्षं चोरांनी लाकूड-लोखंड पळवलं. युनेस्कोने २००५ मध्ये दोन्ही वसाहतींना जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही घातलं. त्या यादीतून नाव निघायला २०१९ उजाडलं.

ही वास्तू वाचावी म्हणून झटणाऱ्यांत ‘पाम्पिनो’ पुढे होते, म्हणजे या पठारावर राबलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं. दर नोव्हेंबरात सोरा-सप्ताहासाठी ती हंबरस्टोनला परततात, एरवी रिकाम्या चौकात नाचगाणी होतात. ज्याला जाणं जमेल, त्याने हाच महिना धरावा आणि त्या गर्दीतल्या एखाद्या म्हाताऱ्या पाम्पिनोला त्याचं घर कुठल्या रांगेत होतं ते विचारावं.