पहिल्या पाटीकडे पाहताना



१८७३ साली कुर्लेकरांची ११ वर्षांची मुलगी लग्न होऊन रानड्यांच्या घरी आली. तिला अक्षरओळखही नव्हती. माधवराव रानड्यांनी पाटी-पेन्सिल पुढे ठेवली आणि ‘श्रीगणेशाय नमः’ ही सात अक्षरं गिरवायला लावली. पुढे याच रमाबाई मराठी वाचू लागल्या, इंग्रजी शिकल्या, सभांतून बोलू लागल्या. १९०९ साली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यानंतरच्या वर्षी, १९१० साली, त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं.

या पुस्तकाचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते एका गोष्टीसाठी. एवढं कर्तृत्व गाठीशी असूनही ही बाई आपल्या अडखळण्याच्या दिवसांवर पडदा टाकत नाही. पाटीवरचा तो पहिला धडा, इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी मारलेले टोमणे, सगळं तिथे आहे. नवऱ्याचं शिकणंही आहे. कलकत्त्यात असताना रानडे बंगाली शिकत होते आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच शब्दांचे उच्चार विचारत होते. एवढा मोठा विद्वान, पण नव्या लिपीपुढे पुन्हा बिगारीत!

आपल्याला मात्र आपली बिगारी आठवत नाही. एखादी गोष्ट नीट येऊ लागली की ती कधी येत नव्हती हेच मन विसरतं. आणि शिकत असतानाही आपली प्रगती आपल्याला दिसत नाही. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १८९७ आणि १८९९ साली शिकाऊ तारमास्तरांवर काम केलं. तारेवरचा कडकट्ट ऐकून संदेश उतरवण्याचा वेग सुरुवातीला वाढतो, मग कित्येक आठवडे जागचा हलत नाही, आणि नंतर पुन्हा चढतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की त्या थांबलेल्या काळातही आत काम चालू असतं. आधी सुटी अक्षरं ऐकणारा कान हळूहळू अख्खे शब्द ऐकायला लागतो. शिकणाऱ्याला मात्र वाटतं, आपण अडकलो. पुष्कळ माणसं नेमकी इथेच सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपल्या बुऱ्हाणपुरातल्याच एका मोहल्ल्यात मी संध्याकाळचा प्रौढ साक्षरता वर्ग घेत असे. मागाच्या कांड्या भरून घर चालवणारी एक बाई त्या वर्गाला येई. एक दिवस वही मिटून ती म्हणाली, “गुरुजी, इतके दिवस येतेय, मला काय आलं? अजून अडखळतेच.” मी कपाटातून तिची पहिली वही काढून दिली. पानभर ‘क’ होते, ओळ सोडून खाली घसरलेले. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद दोन ठिकाणी फाटलेला. तिने ते पान दिव्याजवळ धरलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाली, “अगं बाई, हा तर उलटाच काढलाय!”

मंडळी, त्या एका वाक्यात तिची सगळी प्रगती होती. उलटा ‘क’ उलटा आहे हे दिसायला सुलटा यावा लागतो. मी शाबासकी दिली असती तर तिला ती समजूत काढल्यासारखी वाटली असती. इथे तिनेच स्वतःला तपासलं होतं, तेही शेजारणीच्या वहीशी तुलना न करता. म्हणून शिक्षकांना आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलांची पहिली वही रद्दीत घालू नका. तारीख टाकून ठेवा आणि मूल कंटाळेल तेव्हा बाहेर काढा. पण रोज उठून मागे पाहायला लावू नका. दोन दिवसांत फरक दिसत नाही आणि मूल उगाच हिरमुसतं.

आता आपल्या गावाकडे येतो. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या बुऱ्हाणपुरातून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं त्याने लिहून ठेवलं. कापड कुठे गेलं ते कळलं. विणणारा ते कसं शिकला, त्याने किती धागे तोडले, कोणी हात धरला, हे ताव्हर्नियेच्या वाटेत आलं नाही. आजही आपल्या पॉवरलूमच्या गल्ल्यांत तीच गत आहे. माग चालू असताना नुसत्या आवाजावरून धागा तुटल्याचं ओळखणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, “त्यात काय, येतंच.” येतंच नव्हतं, काका! कोणा उस्तादाने ओरडून, कोणा थोरल्या भावाने शेजारी उभं राहून ते शिकवलं.

ते सांगा. लिहिता येत असेल तर लिहा, नाहीतर संध्याकाळी नातवाला वही घेऊन बसवा. पहिला तुटलेला धागा कसा जोडला, तो किती वेळा निसटला, माग पहिल्यांदा एकट्याच्या हवाली कधी झाला आणि त्या दिवशी घरी जाऊन कोणाला सांगितलं, एवढं त्याला उतरवून घेऊ द्या.